आबांचा पोळ

पोळ दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या नाकातून तुटकी दोरी लोंबत होती.

रंभाबाई नैवेद्याचं ताट घेऊन अंगणात आली होती. तिनं दोरी पाहिली आणि ती जागच्या जागी थांबली. तिचा नवरा महिपती हरण्या बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. संध्याकाळी वेशीत आडवी बांधलेली कर, गवताची दोरी, तोडायचा मान हरण्याचा, म्हणजे ह्या घराचा. त्यामुळं सकाळपासून त्याच्या अंगाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. ताटातल्या वाट्या वाजायच्या थांबल्या म्हणून त्यानं मान वळवली.

बेंदराला, बैलांच्या सणाला, पोळ आपणहून वस्तीवर यायचा, हे काही नवं नव्हतं. एरवी तो माळशिरसच्या माळापासून नदीकाठच्या मळ्यांपर्यंत कुठंही असो, ह्या दिवशी दुपारी पुरणाच्या वासावर हजर. रंभाबाईच्या हातची पोळी खायची, हौदावर पाणी प्यायचं आणि चालू लागायचं. महिपतीचे वडील, आबा, वारले, त्यांच्या तेराव्याला महिपतीनं कळपातलं सगळ्यात देखणं खोंड त्यांच्या नावानं सोडलं होतं. पुठ्ठ्यावर त्रिशूळाचा डाग दिला आणि सगळ्या भावकीसमोर त्याच्या कानात सांगितलं, "हिंड. तुला दावं न्हाय, वेसण न्हाय, जू न्हाय."

तेव्हापासून ज्याच्या रानात पोळ शिरेल त्यानं हात जोडून बाजूला व्हायचं. आसपासच्या खिलार गाई त्याच्यापासून गाभण राहायच्या, त्यामुळं लोकही फार कुरकुर करत नसत. गाव तर त्याला सरळ आबाच म्हणायचं. आबा आज ओढ्यात हाय, आबानं रात्री कडवळ खाल्लं. महिपतीला ते अजिबात खपत नसे. माझा बाप माणूस होता, असं तो चारचौघांत सुनवायचा.

आता त्याच पोळाच्या नाकात वेसण होती.

महिपतीच्या हातातली हिंगुळाची वाटी खाली पडली. तो उठला, जवळ गेला. पोळानं त्याला ओळखलं आणि मुंडी खाली घातली. नाकपुडीशी कातडं अजून कोवळं होतं, पुरतं भरलेलं नव्हतं. दाभण घालून फार दिवस झाले नव्हते. दोरी मात्र चांगल्या हातानं वळलेली होती, मऊ, एका गाठीची. अशी गाठ त्या वस्तीवर दोनच माणसं मारायची. एक महिपती. दुसऱ्याला ती महिपतीनं शिकवली होती.

"कुणी केलं?" त्यानं विचारलं.

अंगणात सगळं घर जमलेलं. माढ्याहून लेक वैजयंती आली होती. सोलापूरहून थोरला मुलगा युवराज आणि सून रेश्मा आले होते. सगळे त्या एका कारणासाठी आले होते, आणि ते कारण कुणी तोंडानं बोलत नव्हतं. गुडघ्यानं दगा दिल्यापासून महिपतीनं जाहीर केलं होतं की यंदा हरण्याचा कासरा मी धरणार न्हाय, दुसऱ्याच्या हातात देणार. ज्याच्या हातात बेंदराचा कासरा, त्याच्याकडे पुढं कळप आणि कुरण. आबांनी महिपतीला असाच दिला होता, आबांच्या बापानं आबांना. कागद नाही, पंच नाही. वेशीत सगळं गाव बघतं, तेवढं पुरतं.

"मी विचारतुया, कुणी केलं?"

"मी, आप्पा," अजिंक्य म्हणाला.

युवराजचा मुलगा. सोलापुरातलं कॉलेज अर्ध्यात सोडून आजोबाच्या गोठ्यात येऊन राहिलेला, बापाला त्यावरून न आवडणारा, आणि खरं सांगायचं तर महिपतीच्या मनात कासऱ्याचा मालक ठरलेला. गाईच्या पोटावर हात ठेवून वासरू कधी येणार ते सांगणारा ह्या पिढीत तोच एक होता. महिपतीनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा राग आला नाही, हे ऐकलंच नसतं तर बरं असं वाटलं. राग त्यानंतर आला, आणि मग त्याला आवरता आला नाही.

त्यानं खुंटीवरचा कासरा ओढला आणि पोराच्या पाठीत घातला. एकदा, दोनदा. अजिंक्य हलला नाही. तिसऱ्या वेळी रंभाबाई ताटासकट मध्ये आली.

"आवो, सणाचा दिवस हाय!"

"सण? कसला सण? बाप सोडला हुता मी त्यो! त्याच्या कानात बोललोय मी! नऊ वर्षं कुणी त्याच्या अंगाला काठी लावली न्हाय, आणि माझ्याच घरातल्यानं त्याचं नाक टोचलं? कशापायी रं? बोल की! तोंड शिवलंय काय तुझं?"

अजिंक्यनं एकदाच वर पाहिलं, ते बापाकडं.

युवराज खुर्चीतून उठला. भवानी पेठेत त्याचं तारेचं, जाळीचं आणि पत्र्याचं दुकान. आठवड्यातले चार दिवस तिकडं, तीन दिवस इकडं उसात. दोन्हीकडं मालक असल्यासारखा वावरायची त्याला सवय झाली होती. तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, मी तुमाला कवाधरनं सांगतोय. ह्याला बैलांच्या शर्यतीचा नाद लागलाय. कोर्टानं शर्यती सुरू केल्यापासनं ही सगळी पोरं बिगडल्यात. मोबाइलवर दिवसभर तेच व्हिडिओ. आबांचा पोळ पळवून नाव करायचं असंल, दुसरं काय?"

"पप्पा," अजिंक्य एवढंच म्हणाला.

"काय पप्पा? खोटं बोलतोय का मी? सांग की सगळ्यांसमोर."

पोरानं मान खाली घातली. वैजयंतीनं डोक्याला हात लावला. तिला लग्नात ह्याच कळपातली कालवड आंदण मिळाली होती, माढ्याला तिच्या दावणीला आता त्या कालवडीची पोरंबाळं होती. "अज्या, मेल्या," ती म्हणाली, "आबांनी तुला मांडीवर घेऊन दूध पाजलंय रे. तेवढी तरी जाण ठेवायचीस! मला हे बगायला माढ्याहून बोलावलं का?"

"वैजे, तू मधी बोलू नको," रंभाबाई म्हणाली.

"का नको? माझा आजा न्हवता त्यो?"

महिपतीला कानात नुसता आवाज येत होता. त्यानं अजिंक्यकडं बोट केलं. "आजपास्नं गोठ्यात पाय ठेवायचा न्हाय. कपडे उचल आणि बापाबरोबर सोलापूरला जा. तार वीक, पत्रा वीक, काय बी वीक. माझ्या जनावराला हात लावलास तर हात मोडीन."

"आणि संध्याकाळचा कासरा?" युवराजनं विचारलं. आवाज मऊ होता, पण त्यानं विचारायला वेळ लावला नाही.

"तू धर," महिपती ओरडला आणि हातातला कासरा त्याच्या अंगावर फेकला. "घे! तुला पायजे हुता न्हवं? घे एकदाचा!"

युवराजनं तो हवेतच झेलला आणि नीट गुंडाळून काखेत धरला. आता उरलेल्या कुरणाचं काय होणार हे सगळ्यांना कळलं. कुरणाचा पूर्वेकडचा तुकडा त्यानं वर्षभर भांडून घेतला होता आणि तिथं ऊस लावला होता. चार पिढ्यांत ज्या जमिनीला फाळ लागला नव्हता, तिथं पवन्या गवत उपटून सऱ्या पाडल्या. महिपतीनं तेव्हा एकच अट घातली होती, पोळाची वाट मोकळी ठेवायची. आणि ऊस उगवल्यापासून महिपती त्या बाजूला फिरकला नव्हता. बघवत नाही म्हणायचा. खरं म्हणजे आपण हरलो हे त्याला बघायचं नव्हतं.

पत्र्याच्या पडवीत रेश्मा पुरणपोळ्यांचं भांडं घेऊन उभी होती. लग्न झाल्यापासून तिनं सासऱ्याच्या समोर मान वर करून चार वाक्यं सलग बोललेली कुणाला आठवत नव्हती. तिनं भांडं खाली ठेवलं. पदराला हात पुसले.

"मामा," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. "तुमी पोळाला एकाच अंगानं बगितलंय. पल्याडनं बगा."

"रेश्मा, आत जा," युवराज म्हणाला.

"जाते की. आदी मामांना पल्याडनं बगू द्या."

महिपती तिच्याकडं बघतच राहिला. मग तो पोळाच्या पुढून वळसा घालून डाव्या अंगाला गेला.

वशिंडाच्या मागं, पाठीवरून खाली फासळ्यांपर्यंत, हातभर लांब जखम होती. वर जांभळं औषध मारलेलं. कडा सुकून आत वळल्या होत्या, मधलं मांस लाल आणि स्वच्छ होतं. एक माशी बसलेली नव्हती. रोज कुणीतरी धुऊन, पुसून, औषध लावून ती भरत आणली होती. महिपतीनं बोटानं कडेकडेनं चाचपलं. पोळ थरथरला, पण उभा राहिला.

"तारेत अडकला असंल," युवराज म्हणाला. "रानोमाळ हिंडणारं जनावर, कुटंतरी फाटणारच."

महिपतीनं मागं वळूनही पाहिलं नाही. "तारंनं फाटतं," तो म्हणाला. "वेडंवाकडं फाटतं. हे कापलंय. एका घावात." त्याचा आवाज आता खाली आला होता, आणि रंभाबाईला त्याच्या ओरडण्यापेक्षा ह्या आवाजाची जास्त भीती वाटायची. "कोयता हाय हा. कुणाचा?"

 गोठ्यात एक वासरू हंबरलं.

"ह्यांचा," रेश्मा म्हणाली.

"अगं ए!"

"ह्यांचा, मामा. पोळ उसात शिरला. वाट हुती तितं ह्यांनी तार ताणली हुती, ती तोडून शिरला. ह्यांनी आदी दगड मारले, मग कोयता टाकला. मी बांधावर हुते. रक्त ह्या सरीतनं त्या सरीत गेलं. घरी आल्यावर कोयता मला धुवाय लावला. मी धुतला." तिनं हात पुन्हा पदराला पुसले. "त्या दिवसापास्नं मला भाकरी थापताना हात घाण वाटत्यात. आणि आता माझं पोरगं तुमचा मार खातंय, आणि ह्यो बाप खुशाल त्याला शर्यतीवाला म्हणतोय! तुमाला माणूस म्हणायचं का कोण?"

शेवटचं ती नवऱ्याला म्हणाली. युवराजचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, बहीण कधीतरी आपल्या बाजूनं बोलेल अशा आशेनं. वैजयंती मघापर्यंत त्याच्याच खुर्चीशेजारी उभी होती. ती तिथून निघाली, अंगण ओलांडून रेश्माजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी खोटं बोलायची न्हाय, दादा," ती म्हणाली. "तुला मी लहानपणापास्नं ओळखते. तू बोलशील."

"हां, मारला!" युवराज एकदम फुटला. "मारला मी! एका रातीत अर्धा एकर लोळवला त्यानं. कष्ट कुणाचं हुतं ते? एक मेलेला माणूस, त्याच्या नावाचा एक रेडा, आणि जित्या माणसांनी हात जोडून बाजूला व्हायचं? कुटल्या जगात ऱ्हाताय तुमी? गावात कुणाला इचारा, सगळी वैतागल्यात. तुमच्या तोंडावर बोलत न्हायत एवढंच."

"रेडा म्हणू नगंस," महिपती म्हणाला.

"काय म्हणू मग? आजोबा म्हणू?"

महिपती त्याच्या अंगावर गेला नाही, ह्याचं सगळ्यांना नवल वाटलं. तो अजिंक्यकडं वळला. पोराच्या पाठीवर सदऱ्यातून दोन वळ उमटलेले दिसत होते.

"तू बोल."

"जखमेत किडं पडलं हुतं, आप्पा," अजिंक्य म्हणाला. "वढ्याला झुडपात बसला हुता, उठंना. मी जवळ गेलो तर अंगावर आला. डॉक्टर म्हणालं, बिनवेसणीच्या वळूला मी हात लावणार न्हाय, जीव जाईल माझा. मग वढ्यापल्याडच्या मायाक्काच्या वस्तीवर जनावर अडकवायचा खोडा हाय, त्यात घेतला आणि... टोचलं." तो थांबला. "टोचताना वरडला लई. तितनं रोज धूत हुतो. बरा झाला की वेसण काढून सोडणार हुतो, कुणाला कळायच्या आत. आज सकाळी दोरी तोडून आला. बेंदूर हाय ते त्याला कुणी सांगितलं देव जाणे."

"ह्यो वळू तुझ्यामागं खोड्यात कसा शिरला? जखमी हुता, अंगावर येत हुता म्हणतोस."

अजिंक्यनं आजीकडं पाहिलं.

"माझ्यामागं शिरला," रंभाबाई म्हणाली.

तिनं नैवेद्याचं ताट ओट्यावर ठेवलं. "तुमी येळापूरला लग्नाला गेला हुता त्या दिशी. पोरानं बोलावलं म्हणून गेले. मी भाकरी दाखवली. माझ्या हाताला भुलून आत गेला बिचारा, आणि मागनं दांडा पडला. तवापास्नं भाकरी रोज मीच धाडते."

महिपती ओट्याच्या कडेला टेकला. त्याच्या बायकोला ठाऊक होतं. सुनेला ठाऊक होतं. मायाक्काच्या अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. तो रोज सकाळी अजिंक्यला विचारायचा, पोळ कुटं दिसला का रं, आणि पोरगं सांगायचं, पल्याडच्या माळावर हाय आप्पा, बरा हाय. आणि तो समाधानानं चहा प्यायचा.

"सगळ्यांना ठाऊक," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या जनावराला कोयता बसला, नाक टोचलं, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक. मला का न्हाय सांगितलंस, अज्या?"

"सांगितलं असतं तर तुमी पप्पांना मारलं असतं."

"व्हय. मारलं असतं. जित्ता ठेवला नसता."

"मग कसं सांगायचं?" रंभाबाई एकदम कडाडली, आणि तो आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. "सांगा की! तुमच्या रागाला भिऊन ह्या घरात कोण खरं बोललंय आजवर? भाजीला मीठ जास्त झालं तर आमी आदी तुमचं तोंड बगतो. पोरगं बापाचा जीव वाचवाय गेलं आणि आज्याचा मार खाल्ला. ल्योक बापाला भिऊन भिऊन असा झाला, कोयता टाकायचा आणि बायकूकडनं धुऊन घ्यायचा. वेसण पोळाला नंतर घातली, आवो. आमी सगळी कवाची तुमच्या दावणीला हाय!"

ती रडत नव्हती.  इतकं सगळं बोलून झाल्यावर तिनं ताटातली पोळी उचलली, पोळाजवळ गेली आणि त्याच्या तोंडात भरवली. त्यानं ती खाल्ली.

महिपतीला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिचं एकही वाक्य त्याला खोडता येईना. रागाचं काय करावं हे त्याला त्या क्षणी समजेना. तो इतका होता की एकट्या युवराजवर टाकला असता तरी उरला असता. आणि उरलेला कुणाचा, हे आता त्याला ठाऊक झालं होतं. दोन वर्षं तो त्या उसाच्या बाजूला गेला नव्हता. एकदा जरी गेला असता तरी वाटेवर ताणलेली तार त्याला दिसली असती.

तो उठला. युवराजच्या काखेतून त्यानं कासरा काढून घेतला. युवराजनं घट्ट धरला, क्षणभर दोघांची ओढाताण झाली, मग सुटला.

"तुझ्या गाडीत पक्कड असंल," महिपती म्हणाला. "तार तोडायची. घिऊन ये."

"कशाला?"

"घिऊन ये म्हणतोय."

पक्कड अजिंक्यनं आणली. महिपती दुखऱ्या गुडघ्यानं पूर्वेकडं चालू लागला. मागून बाकीचे निघाले, आणि त्यांच्यामागून, कुणी न बोलावता, तुटकी दोरी जमिनीवर ओढत पोळ.

ऊस डोक्याच्या वर गेला होता, हिरवागार, चांगलाच साधला होता. युवराज हातातली गोष्ट नीट करायचा, हे महिपतीला आवडो न आवडो मान्य करावं लागलं. पण जिथं पोळाची वाट कुरणातून ओढ्याकडं उतरायची, जिथून आबा रोज कळप पाण्याला न्यायचे, तिथं चार पदरी काटेरी तार ताणलेली होती. खालच्या पदराला पांढऱ्या केसांचा पुंजका अजून लटकत होता.

महिपतीनं तो पुंजका काढून खिशात घातला. मग पक्कड युवराजपुढं धरली. "तोड. तुझ्या हातानं."

"न्हाय तोडणार. ऊस तोडीला यायला चार महिनं हायत. तवर एका कांड्याला कुणाला हात लावू देणार न्हाय."

"वाट मोकळी ठेवायची कबूल केलं हुतंस."

"तुमी कवा बगाय आलात?" युवराज म्हणाला. "दोन वर्षं! एकदा तरी येऊन, ऊस चांगला आलाय पोरा, असं म्हणालात? मी लावलेलं एक बी कांडं तुमाला दिसलं न्हाय. तार तेवढी आज दिसली!"

हे खरं होतं, आणि म्हणूनच महिपतीला त्याचा आणखी राग आला. "ऊस चांगला आलाय," तो दात खाऊन म्हणाला. "लई चांगला आलाय. आता तोड."

युवराज हात मागं बांधून उभा राहिला.

मग महिपतीनं स्वतः पक्कड लावली. पहिला पदर तुटून सटकन मागं उडाला आणि त्याच्या मनगटावर काट्यांची रेघ ओढून गेला. रक्त आलं. अजिंक्य पुढं धावला.

"तू लांब ऱ्हा," महिपती म्हणाला. "तुझं येगळं हाय."

दुसरा पदर तोडताना रेश्मानं पुढं होऊन साडीच्या पदराच्या बोळ्यात तार पकडून ठेवली, म्हणजे ती उडू नये. कुणी तिला सांगितलं नव्हतं. युवराज तिच्याकडं बघत राहिला. तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. तिसरा पदर, चौथा. वैजयंतीनं सुटलेल्या तारा ओढून बांधावर टाकल्या.

तेवढ्यात गावातून कोतवाल धापा टाकत आला. "आप्पा, वेशीत सगळी खोळंबल्यात. वाजंत्री कवाची थांबलीय. हरण्या कुटं हाय? कर तोडायचा न्हाय व्हय?"

"येतो म्हणावं," महिपती म्हणाला. "आदी घरचं तोडू दे."

त्यानं कमरेचा विळा काढला आणि पोळासमोर उभा राहिला. एक हात त्याच्या कपाळावर ठेवला, दुसऱ्यानं नाकापाशी दोरी कापली आणि हळूहळू बाहेर ओढली. पोळानं जोरात श्वास सोडला, महिपतीचा सदरा ओला झाला. दोरी त्याच्या हातात राहिली, मऊ, एका गाठीची. नाकात भोक दिसत होतं. ते भरून आलं तरी खूण राहणार होती.

"अज्या."

"जी, आप्पा."

"जखम अजून भरायची हाय. नाक बी. औषध रोज लावायचं. पर दोरी न्हाय, खोडा न्हाय, भाकरी दाखवून फसवायचं न्हाय. त्यो जाईल तितं मागं मागं हिंडायचं. त्याला वाटंल तवा त्यो हुबा ऱ्हाईल, तवा लावायचं. न्हाय ऱ्हायला तर दुसऱ्या दिशी. त्यो बरा होईस्तवर घरात यायचं न्हाय. माळावर ऱ्हा, मायाक्काकडं ऱ्हा, कुटं बी ऱ्हा."

"आणि गोठा?"

"ते मग बगू."

"आप्पा, मारायला येईल त्यो मला. मी टोचलंय त्याला."

"येईल की. त्याचा बी राग हाय." महिपतीनं दोरी गुंडाळून खिशात घातली, पांढऱ्या केसांच्या जोडीला. "आणि पुन्यांदा माझ्यापास्नं काय लपवलंस तर... आदी येऊन सांग. मी वरडलो तर वरडू दे. पर सांग."

अजिंक्यनं मान हलवली. औषधाची बाटली त्याच्या खिशातच होती, ती त्यानं चाचपून पाहिली. रंभाबाई जवळ आली आणि तिनं नवऱ्याच्या मनगटाला पदराची चिंधी फाडून गुंडाळली. घट्ट, जरा जास्तच घट्ट. 

वेशीकडून वाजंत्री पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. महिपतीनं कासरा खांद्यावर टाकला. यंदाही तो स्वतःच धरणार, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

पोळ मोकळ्या झालेल्या वाटेवर दोन पावलं पुढं गेला. ओढ्याकडं जाईल असं वाटलं. पण तो थांबला, मान वळवली आणि सरळ पहिल्या सरीत घुसला. उसाचं कांडं कडकन मोडल्याचा आवाज झाला. मग दुसरं.

"आप्पा!" युवराज किंचाळला. "अवो, हाकला त्याला! अज्या, हाकल! माझा ऊस!"

अजिंक्यनं पाय उचलला आणि आजोबाकडं पाहिलं.

"हाकलायचं न्हाय," महिपती म्हणाला. "मागं जा नुसता." तो हरण्याला घ्यायला घराच्या वाटेला लागला होता, लंगडत, मागं न बघता. "खाऊ दे आबाला. त्यांचंच रान हाय."